कोथिंबीर आणायला जाऊन दीड तासाने परत कसे यावे

ज्यांना बाजारात जाऊन नुसती भाजी आणता येते, अशा मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे.

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात अशी माणसं अलीकडे फार झाली आहेत. काही टॉवरात नव्याने राहायला आलेली. काही इथलीच, पण उभा जन्म ठरलेली लोकल गाठण्यात गेला आणि निवृत्तीनंतर हातात पिशवी देऊन घराबाहेर काढली गेलेली. ही माणसं दहा मिनिटांत मेथीची जुडी, अर्धा किलो भेंडी आणि पाव किलो टोमॅटो घेऊन घरी हजर होतात. मग पेपर वाचतात. मग तोच पेपर पुन्हा वाचतात. बाजारात एका ठरावीक खांबाशी रोज चार-पाच जण उभे असतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांच्या पिशव्या रिकाम्या, आवाज मोठे आणि ओळख निदान चाळीस वर्षांची. त्या टोळक्यात शिरायचं कसं, एवढंच इथे सांगायचं आहे.

बाजारच का?

नवशिक्याचा पहिला प्रश्न हाच असतो. घरी का भेटत नाहीत? बागेत का बसत नाहीत?

घरी मित्र आला की चहा टाकावा लागतो, पलंगावरचे कपडे उचलावे लागतात, आणि सुनेची मीटिंग चालू असली तर कुजबुजत बोलावं लागतं. टॉवरात त्याहून पंचाईत. खाली वॉचमन वही पुढे करतो, नाव, नंबर, कोणाकडे, कशासाठी असं सगळं लिहून घेतो आणि मग वर फोन लावतो, 'कोणी एक गृहस्थ आलेत, पाठवू का?' ज्याच्याबरोबर आपण शाळेच्या भिंतीवरून उड्या मारल्या, त्याला 'कशासाठी' या रकान्यात काय लिहायला सांगणार? बागेत गेलं तर तिथे सगळे आधीच म्हातारे होऊन बसलेले असतात. गिरगाव चौपाटीच्या नाना-नानी पार्कात तर नावापासूनच वय ठरवून टाकलेलं.

मंडईत कोणी यजमान नसतो आणि कोणी पाहुणा नसतो. वय विचारलं जात नाही, कारण हातात पिशवी असलेला प्रत्येक माणूस गिऱ्हाईक. आला तर आला, नाही आला तर घरी काहीतरी काम असेल. चाळीत हे काम गॅलरी करायची. दार उघडून बाहेर आलं की माणूस भेटायचाच, त्यासाठी बोलावणं लागत नसे. चाळी पडल्या, गॅलऱ्या गेल्या आणि गप्पांना जिना उतरून बाजारात यावं लागलं. म्हणून टोळक्यातले निम्मे लोक आता इथे राहतही नाहीत. कोणी बदलापूरला गेलाय, कोणी विरारला. तिथे भाजी मिळत नाही असं थोडंच आहे? पण गाडीत उभं राहून, दादरला उतरून, तीच भेंडी इथून घेऊन जाणारे आहेत. घरच्यांना ते 'तिकडची भाजी ताजी असते' असं सांगतात. भाजी बऱ्याचदा त्यांच्याच स्टेशनावरून पहाटे चढलेली असते.

पूर्वतयारी

पिशवी कापडी हवी. साडीच्या दुकानातली, नाव अर्धं पुसलेली असेल तर उत्तम. चाकांची ट्रॉली घेऊन येणाऱ्याकडे टोळकं संशयाने बघतं, कारण त्याला खरोखरच खरेदी करायची असते.

पायात चपला. मासळीकडे जाणार असाल तर जुन्या चपला.

सुटे पैसे जवळ ठेवा. फोनवरून पैसे द्यायला हरकत नाही, पण भाजीवालीच्या शेजारी ठेवलेला तो डबा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात 'दहा रुपये प्राप्त झाले' असं जाहीर करतो. तुम्ही दीड तासात दहा रुपयांची कोथिंबीर घेतलीत हे मग आठवडाभर विसरलं जात नाही.

खरेदीच्या क्रमाला फार महत्त्व आहे आणि नवशिके इथेच मार खातात. कांदे-बटाटे आधी घ्यावेत, त्यांना उशिराचं काही वाटत नाही. पालेभाजी निघताना. मासळी तर अगदी शेवटी, कारण बोंबील पिशवीत पडला की घड्याळ सुरू झालं. तो आधीच पाणी धरलेला मऊ जीव. अर्ध्या तासात पिशवीच्या कोपऱ्यातून थेंब पडायला लागतात, बाजूची मांजरं गोळा होतात आणि ऐन रंगात आलेली गोष्ट सोडून घर गाठावं लागतं. सुरमई थोडा दम धरते. जाणते लोक कोळणीकडे जातात, कल्ला उघडून लाल आहे का बघतात, वाटा बाजूला ठेवायला सांगतात आणि 'येतोच' म्हणून गप्पांना येतात. मासळी तिच्या बर्फात, आपण आपल्या खांबाशी. मात्र ही सवलत ओळखीवर मिळते. पहिल्याच आठवड्यात मागू नका, जे ऐकायला मिळेल ते इथे छापता येणार नाही.

कुठे उभं राहायचं

दादरचा फुलबाजार पहाटे चारला भरात असतो. तिथे नवशिक्याने थांबू नये. डोक्यावर झेंडूची पोती घेतलेले हमाल येतात, त्यांना पुढचं दिसत नाही आणि थांबताही येत नाही. 'चलो बाजू' ऐकू येईपर्यंत तुम्ही भिंतीला लागलेले असता. महात्मा फुले मंडई, म्हणजे १८६९ सालचं क्रॉफर्ड मार्केट, इमारत म्हणून देखणं, पण तिथली माणसं घाईची. एकदा फिरून या आणि परत फिरा.

खरी जागा म्हणजे दादर स्टेशनच्या पश्चिमेला, जिथे वसई-विरारकडून भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका बसतात. पावसाच्या तोंडावर तिथेच शहापूर-कसाऱ्याकडच्या आदिवासी बाया शेवळं, कंटोळी, टाकळा, फोडशी घेऊन येतात. शेवळांबरोबर काकडं घ्यायला विसरलात तर घसा खाजतो. हे सांगणारा एक जण टोळक्यात असतोच, तो दर जूनमध्ये सांगतो आणि दर जूनमध्ये सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे माना डोलावतात.

उभं राहताना पाटीसमोर उभं राहू नये, पाटीच्या बाजूला राहावं. बंद शटर, बँकेची पायरी, खांब या जागा चांगल्या. सकाळी बोहनी व्हायच्या आत भाव विचारून पुढे जाऊ नये. विचारलात तर घ्या, निदान मिरच्या तरी घ्या. आणि मुन्शिपाल्टीच्या गाडीचं भान ठेवा. स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसायला मनाई आहे, त्यामुळे गाडी केव्हाही येते. कोणीतरी लांबून शीळ घालतो आणि दहा सेकंदांत गल्ली रिकामी होते. चादरीची चार टोकं धरली की भाजीचं गाठोडं झालं. अशा वेळी टोळक्याने दोन गोष्टी करायच्या असतात. एक, हाताशी असलेली पाटी शटरच्या आड सरकवायची. दोन, गाडीकडे बघायचंच नाही, बोलणं चालू ठेवायचं. मी स्वतः एका बड्या कंपनीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना पाठीमागे दुधी लपवून क्रिकेटवर बोलताना पाहिलं आहे. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

लालबागच्या बाजारात उभं राहणार असाल तर थोडा इतिहास पाठ हवा. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद पडला, कोळी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ पासून तिथे गणपती बसू लागला. तोच लालबागचा राजा. मूळचा मासळी-भाजीवाल्यांचा हा देव, आणि आता त्याच्या दर्शनाला कोण कोण येतं, असा विषय काढलात की पंधरा मिनिटं सहज निघतात. पण जपून. समोरचा गणेश गल्लीचा निघाला तर तो १९२८ साल पुढे करील, 'आम्ही आधीचे'. आणि तेवढ्यात कोणी गिरगावकर तिथे असला तर केशवजी नाईकांच्या चाळीचं १८९३ काढून दोघांनाही गप्प बसवील. गिरगावकर बहुधा असतोच. त्याला चिराबाजारची मासळी सोडून इकडे यायचं काही कारण नसतं, पण तो असतो.

बायकांचा वर्ग

आतापर्यंत पुरुषांचंच सांगत आलो, कारण उगाच उभं राहण्याची चैन त्यांनाच जास्त परवडते. बायकांच्या गप्पा कामात मुरलेल्या असतात आणि माझ्या मते दर्जाने वरच्या. त्या शिकायच्या तर मार्च ते मे या महिन्यांत लालबागच्या मसाला गल्लीत जावं.

मिरची आधी निवडायची. रंगाला बेडगी किंवा काश्मिरी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंड यांचं प्रमाण. हे प्रमाण प्रत्येक घरचं वेगळं असतं आणि प्रत्येक घरचं बरोबर असतं. मालवणची एक, साताऱ्याकडची एक अशा दोघी एकाच काउंटरवर आल्या की दुकानदारही हातातला तराजू खाली ठेवतो. मग जिन्नस भाजायला जातात. तिथला ठसका गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. गप्पा शिंकांच्या मधल्या जागेत बसवाव्या लागतात आणि तोंडावर पदर असल्याने नेमकं कोण कोणाबद्दल बोललं हे पुढे शाबीत करता येत नाही.

त्यानंतर डंखावर नंबर. आपला मसाला आपल्या डोळ्यांसमोर कुटून घ्यायचा, नाहीतर दुसरीचा आपल्या डब्यात यायचा, असं कारण सांगून सगळ्या तिथेच थांबतात. कारण खरं आहे, आणि त्या तासाभरात एकेका घरातली लग्नं, बदल्या, गुडघे आणि सासवा यांचं वर्षभराचं कामकाज उरकलं जातं. मैत्रिणी म्हणून त्या वर्षातून एकदाच नंबर जुळवून भेटतात. आधीच्या पावत्या त्यासाठीच जपून ठेवलेल्या असतात. नवखीने इथे एकच चूक करू नये, तयार मसाल्याच्या पाकिटाचं नाव घेऊ नये.

हाक मारणे

खांबाशी परत येऊ. टोळक्यातले लोक एकमेकांना ज्या नावांनी हाका मारतात ती आधारकार्डावर सापडणार नाहीत. पंच्याहत्तरीतला माणूस इथे 'बाळ्या' असतो, आणि माजी मुख्याध्यापकाला 'गुंड्या' म्हणणारा एक तरी जिवंत आहे, याचा त्या मुख्याध्यापकांना अभिमान असतो. ही नावं तुम्ही उच्चारायची नाहीत. तुम्ही आडनावाला 'साहेब' किंवा 'भाऊ' लावून सुरुवात करा. भाजीवाली मावशी, कोळीण ताई किंवा मावशी. ती तुम्हाला 'दादा' म्हणेल, रागावली की 'शेठ'. 'शेठ' म्हणाली तर भाव करणं थांबवा.

शिरण्याची रीत अशी. पहिले काही दिवस नुसतं शेजारच्या पाटीवर भाजी निवडत राहायचं आणि कान द्यायचा. मग कधीतरी टोळक्यात एखाद्या सालावरून अडेल. ट्राम कधी बंद झाली? कोणी म्हणेल पासष्ट, कोणी म्हणेल त्रेसष्ट. तुम्ही मान वर न करता म्हणायचं, '३१ मार्च १९६४. शेवटची बोरीबंदरहून दादरला आली.' एवढंच. आणि वांगी निवडायला लागायचं. दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडे बघून मान हलवतील. हा प्रवेशअर्ज दाखल झाला.

पत्ते सांगताना जी गोष्ट आता नाही तिचाच आधार घ्यावा. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली तरी 'दादर टीटी' म्हणजे ट्राम टर्मिनस, आणि ते तसंच म्हणायचं. प्रभादेवी स्टेशनला २०१८ साली नवं नाव मिळालं, टोळक्यात अजून एल्फिन्स्टनच. तिथला पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून परळकडचा भिडू वीस मिनिटं उशिरा येतो आणि पहिली दहा मिनिटं पुलावरच बोलतो. त्याला बोलू द्यावं. गिरगावकराच्या दाराशी मात्र ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आली आहे. तिच्या जिन्यांच्या पायऱ्या किती यावर त्याचं आणि बाकीच्यांचं एकमत व्हायचं आहे.

गोष्टींची मालकी

हा भाग नीट वाचा. टोळक्यातल्या प्रत्येक गोष्टीला एक मालक असतो. ती गोष्ट त्यानेच सांगायची, दुसऱ्याला पाठ असली तरी. आणि प्रत्येक गोष्टीला एक दुरुस्ती करणाराही नेमलेला असतो. मालक म्हणतो, 'मंगळवार होता.' दुरुस्तीवाला म्हणतो, 'बुधवार.' मालक म्हणतो, 'बरं, बुधवार,' आणि पुढच्या वेळी पुन्हा मंगळवार सांगतो. ही त्या गोष्टीची चाल आहे, चूक नव्हे. 'हे मागेच सांगितलंत की,' असं म्हणणाऱ्याला खांबाशी पुन्हा जागा मिळाल्याचं ऐकिवात नाही.

क्रिकेटची गोष्ट असणारच. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची भागीदारी केली. ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस प्रत्येक टोळक्यात आहे. दादर ते चिराबाजार सगळी टोळकी मोजली तर तेव्हा आझाद मैदान पुरलं नसतं, वानखेडे घ्यावं लागलं असतं. शंका मनात ठेवावी. विचारायचंच तर, 'ऊन फार होतं का हो?' असं विचारावं.

घरांचा विषय रोजचा. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. त्या दिवसापासून नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतला भिडू आपला नंबर कधी, याचा हिशेब मांडत असतो. उपकरप्राप्त इमारत, कॉर्पस, ट्रान्झिट कॅम्प, भाडं थकवलेला बिल्डर हे शब्द इथे मेथी-कोथिंबिरीच्या सहजतेने येतात. तुम्ही टॉवरातले असाल तर मेन्टेनन्सबद्दल कुरकुर करा, म्हणजे बरोबरीचे व्हाल.

संपाबद्दल बोलणं निघालं तर गप्प राहा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. खांबाशी तो अजून चालू आहे. एकाच्या मते डॉक्टरांनी, म्हणजे दत्ता सामंतांनी, गिरणगाव बुडवलं. दुसऱ्याच्या मते मालकांना जमिनी हव्याच होत्या, डॉक्टर नसते तरी तेच झालं असतं. दोघांचे बाप एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात. कोणाचं कॉलेज सुटलं, कोण गावी गेला तो परत आला नाही, कोणाच्या आईने खानावळ काढून घर चालवलं, हे त्यांना एकमेकांचं सगळं ठाऊक आहे आणि भांडणात ते कधी वापरत नाहीत. अशा वेळी चहा सांगायचं काम नवशिक्याकडे येतं.

चहा

कटिंगच. दोन बिनसाखर असतात, आणि ते दोघेच नंतर जिलबीकडे वळतात. पैसे कोण देणार यावर रोज हातघाई होते. ती खोटी असते, कारण पाळी कोणाची हे चहावाल्या पोराला माहीत असतं आणि तो त्याच्याच हातातली नोट घेतो. तुमच्याकडून तो पैसे घेत नाही, तोवर तुम्ही पाहुणे.

सुट्ट्या

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे मासळीकडचं टोळकं भाजीकडे सरकतं आणि गर्दी होते. श्रावणात पाळणारे आणि न पाळणारे अशी फूट पडते, ती श्रावण सरला की सांधली जाते. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागेत उभं राहायला जागाच नसते. तेव्हा लालबागकर दादरला येतात आणि पाहुण्यासारखे गप्प असतात.

निघणे

'चला, निघतो' हे वाक्य पहिल्यांदा म्हणायचं ते फक्त पाय बदलण्यासाठी. दुसऱ्यांदा म्हटलं की सगळ्यात महत्त्वाचा विषय निघतो, कोणाचा रिपोर्ट आलाय, कोणाचा मुलगा परत येणार नाही म्हणतोय. इथे घाई करू नये, दीड तास याच्यासाठीच घालवलेला असतो. तिसऱ्यांदा म्हणाल तेव्हा कोथिंबीर घ्या.

उत्तीर्ण झालो हे कसं ओळखावं?

टोळकं तुम्हाला कधीच तसं सांगणार नाही. एक दिवस तुम्ही ठरल्या वेळी जाता आणि खांबाशी कोणीच नसतं. गल्ली अर्धी रिकामी, गाडी नुकतीच येऊन गेलेली. तुम्ही इकडेतिकडे बघत असता, तेवढ्यात वसईची मावशी पाटीवर पाणी शिंपडता शिंपडता मान वर न करता म्हणते, 'तुझी माणसं पलीकडे आहेत, बँकेखाली. आणि त्या परळवाल्याला सांग, कालचे चाळीस रुपये राहिलेत.'

ती तुम्हाला 'अहो-जाहो' करायची थांबली, हेही लक्षात घ्या. चाळीस रुपये तुम्ही द्या, परळवाल्याकडून मागून घेऊ नका आणि बँकेकडे जा. पुलाबद्दलची पहिली दहा मिनिटं एव्हाना संपलेली असतील.